नव्या डिझेल गाडीत तोच बिघाड पुन्हा पुन्हा? नाशिकमधून ग्राहक आयोगात तक्रार अशी करा

गाडी घेऊन आठ महिनेही झाले नव्हते. मुंबईहून परतताना कसारा घाटात इंजिनचा दिवा लागला आणि गाडीचा दमच गेला. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला तरी वेग वाढेना. मागे ट्रकची रांग, शेजारच्या सीटवर आई. वर्कशॉपने स्कॅनर लावून दिवा घालवला, पंधरा दिवसांत तो परत आला. असं चार वेळा झालं. तक्रार करायला कागद काढले तेव्हा दिसलं, की पहिल्या दोन जॉब कार्डांवर फक्त ‘जनरल चेकअप’ लिहिलं होतं आणि खाली माझीच सही होती.

म्हणून अर्जाच्याही आधी जॉब कार्डाबद्दल सांगतो. गाडी देताना सर्व्हिस ॲडव्हायझर जे टाइप करतो ते वाचल्याशिवाय सही करू नका. ‘चढावर इंजिन लाइट लागते, पिकअप जातो, हीच तक्रार तिसऱ्यांदा’ असं तुमच्या शब्दांत लिहून घ्या. किलोमीटर, तारीख, गाडी किती दिवस आत राहिली हेही त्यावर यायला हवं. स्कॅनरमध्ये आलेला फॉल्ट कोड मागा. प्रिंट देत नसतील तर स्क्रीनचा फोटो घ्या. बिल शून्य रुपयांचं असलं तरी ते घ्या. तोच दोष पुन्हा आला हे दाखवायला याहून भक्कम कागद नाही.

डिझेल गाडीत आणखी एक अडचण येते. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे धुराच्या प्रदूषणाचे कडक निकष लागू झाले आणि बहुतेक डिझेल गाड्यांच्या एक्झॉस्टमध्ये काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, आला. साठलेली काजळी जाळायला एक्झॉस्ट खूप तापावा लागतो, त्यासाठी गाडी काही वेळ एका लयीत पळायला हवी. गंगापूर रोड ते कॉलेज रोड अशा रोजच्या छोट्या फेऱ्यांत ते काम अर्धवट राहतं आणि फिल्टर तुंबतो. त्यामुळे कंपनीचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं: दोष गाडीत नाही, तुमच्या चालवण्यात आहे. कधीकधी ते खरंही असतं, म्हणून आधी मॅन्युअलमधली सूचना पाळा. दिवा लागला की पिंपळगावपर्यंत हायवेने जाऊन या आणि त्याची नोंद ठेवा. मी फास्टॅगचं स्टेटमेंट काढलं. घोटी, पिंपळगाव, शिंदे इथल्या टोलनाक्यांच्या तारखा पाहिल्यावर ‘गाडी फक्त शहरातच फिरते’ हा मुद्दा उरला नाही. दुसरं उत्तर भेसळीच्या डिझेलचं असतं. त्यासाठी पंपाच्या पावत्या जपा.

तक्रार कोण करू शकतं

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-व्यवसाय करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. शोरूम ठाण्यातलं असलं तरी नाशिककराला ठाण्याला खेटे घालावे लागत नाहीत. मालेगाव, सिन्नर, निफाड इथल्यांनाही नाशिकचाच जिल्हा आयोग. गाडीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असावी. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. ईमेलवर बोलणी सुरू आहेत म्हणून ही मुदत थांबत नाही. उशिराला सबळ कारण असेल तर माफीचा अर्ज करता येतो, पण त्यावर विसंबू नका.

व्यापारी कारणासाठी घेतलेली गाडी यात बसत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः चालवायला घेतलेली टॅक्सी मात्र बसते. कंपनीच्या नावावर गाडी असेल तर ‘वापर कशासाठी’ हा वाद हमखास निघतो.

कागदपत्रं

खरेदीचं बिल, आरसी, विमा, वॉरंटी पुस्तिका, सगळी जॉब कार्डं आणि बिलं, टोइंगच्या पावत्या, ईमेल, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. सोबत नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र आणि तारीखवार घटनाक्रम. घटनाक्रम एका पानात बसवा. फोटो-व्हिडिओ जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडलेलं बरं.

आधी नोटीस पाठवा. डीलर आणि उत्पादक कंपनी दोघांनाही, स्पीड पोस्टाने आणि ईमेलने, पंधरा दिवसांची मुदत देऊन. सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ ला, तक्रार नोंदवा. ते सक्तीचं नाही, पण बरीच प्रकरणं तिथेच हलतात. पेठ रोडच्या आरटीओत जाऊन मात्र दुरुस्ती किंवा पैसे परत मिळत नाहीत. ब्रेक किंवा स्टिअरिंगसारखा सुरक्षिततेचा दोष असेल आणि गाडी सात वर्षांच्या आतली असेल, तर परिवहन मंत्रालयाच्या रिकॉल पोर्टलवर (सदोष गाड्या कंपनीने परत बोलावून दुरुस्त कराव्यात यासाठीच्या) वेगळी नोंद करता येते. त्यातून तुमचा वैयक्तिक दावा सुटत नाही.

अर्ज आणि पुढे

अर्ज ई-जागृती पोर्टलवर भरता येतो. फी मोजलेल्या किमतीवर ठरते: ५ लाखांपर्यंत काही नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४००, ५० लाखांपर्यंत १,०००. म्हणजे १४ लाखांच्या गाडीला ४०० रुपये. वकील सक्तीचा नाही.

विरोधी पक्ष म्हणून दोघांनाही घ्या आणि कोणाची चूक काय ते वेगवेगळं लिहा. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका प्रकरणात डीलरच्या चुकीचं खापर उत्पादकावर आपोआप फोडायला नकार दिला होता. मागण्या लिहितानाही भान ठेवा. वॉरंटीत भाग बदलून देण्याचीच हमी असल्याने संपूर्ण गाडी बदलून देण्याचा आदेश त्याच न्यायालयाने २००६ मध्ये रद्द केला होता. म्हणून फक्त ‘नवी गाडी द्या’ असं लिहू नका. गाडी बदलून द्या, नाहीतर किंमत व्याजासह परत करा, तेही नसेल तर दोष कायमचा काढून वॉरंटी वाढवा आणि मनस्तापाची भरपाई द्या, अशा पायऱ्या लावा.

नोटीस मिळाल्यावर समोरच्याला ३० दिवसांत म्हणणं मांडावं लागतं, फार तर आणखी १५ दिवस मिळतात. दोष नुसता बघून ठरत नसेल तर आयोग योग्य प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ शकतो. तशी मागणी सुरुवातीलाच लेखी करा. तपासणीची फी आधी तुम्हालाच भरावी लागते, पण तज्ज्ञांचा अहवाल नसेल तर उत्पादनातला दोष सिद्ध करणं फार अवघड जातं. कायद्यात निकालाला तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने सांगितलेत. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो, त्या तयारीने बसा. व्हिडिओ कॉन्फरन्सने सुनावणी मागता येते. दोघांची तयारी असेल तर मध्यस्थीही होते. आमचं प्रकरण तिथेच मिटलं: प्रेशर सेन्सर बदलला आणि वाढीव वॉरंटी लेखी मिळाली.

निकाल विरुद्ध गेला तर राज्य आयोगाकडे अपिलाला ४५ दिवस आहेत. तोवर कर्जाचे हप्ते थांबवू नका आणि गाडी विकू नका. गाडीच हातात नसेल तर तपासणी कशाची करणार आणि बदलून काय मागणार?