शीर्षक आखूड कसे झाले

शीर्षक थोडक्यात असावे ही अपेक्षा आज स्वाभाविक वाटते. छापील पुस्तकांच्या आरंभीच्या शतकांत मात्र ती नव्हती. १७१९ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या नामपृष्ठावर जहाज फुटल्यापासून नायकाच्या निर्जन बेटावरील २८ वर्षांपर्यंत आणि चाच्यांमुळे झालेल्या त्याच्या सुटकेपर्यंतचे सारे कथानक शीर्षकातच सांगितलेले होते, कारण त्या काळी नामपृष्ठ हीच पुस्तकाची जाहिरात असे.

वृत्तपत्रांत शीर्षकाला स्तंभाच्या रुंदीने आवर घातला. अरुंद स्तंभात मोठ्या टाइपाची मोजकीच अक्षरे मावत, म्हणून उरलेला तपशील लहान टाइपातील उपशीर्षकांत एकाखाली एक रचला जाई. लिंकन यांच्यावरील गोळीबाराची बातमी १५ एप्रिल १८६५ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिली, तेव्हा सर्वांत वर ‘भीषण घटना’ अशा अर्थाचे दोनच शब्द होते. अध्यक्षांवर मारेकऱ्याने गोळी झाडली, हे दुसऱ्या ओळीवरून कळत होते. हे उदाहरण मला फार मोलाचे वाटते. ते दोन शब्द आखूड होते, पण खरे शीर्षक दुसरी ओळच होती. इंटरनेटवर प्रश्न विचारताना दिलेल्या ‘कृपया मदत करा’ किंवा ‘एक शंका’ अशा शीर्षकांत हीच उणीव असते, आणि तेथे सावरून घ्यायला दुसरी ओळ नसते.

संगणकावरील शीर्षकाच्या मर्यादेचे मूळ छिद्रपत्रांत, म्हणजे छिद्रे पाडून माहिती नोंदवण्याच्या जाड कागदी पत्रांत आहे. आयबीएमने १९२८ मध्ये ८० रकान्यांचे (प्रत्येक रकान्यात एक अक्षर) पत्र आणले आणि पुढे पडद्यावरील ओळही बहुधा ८० अक्षरांचीच राहिली. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या संगणक-जाळ्यावरील टपालाच्या (आजच्या ईमेलच्या) मथळ्यात प्रेषक आणि दिनांक यांच्यासह ‘विषय’ ही स्वतंत्र ओळ असावी, असा प्रस्ताव १९७३ मध्ये मांडला गेला. संदेशांच्या यादीत हे सर्व एकाच ओळीत दाखवायचे म्हटले की विषयाच्या वाट्याला उरलेली जागाच येई. यूजनेट या संगणकांवरील चर्चागटांच्या जाळ्यासाठीच्या १९८७ च्या प्रमाणकाने मात्र जागेपलीकडचा निकष सांगितला: केवळ विषय वाचून मजकूर वाचायचा की नाही, हे वाचकाला ठरवता आले पाहिजे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत नेमके विधान हेच आहे.

मराठीत लिहिताना आणखी दोन गोष्टींचे भान ठेवावे लागते. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट (साठवणुकीची एकके) घेते, तर इंग्रजी अक्षर एकच, त्यामुळे मर्यादा बाइटांत मोजली जात असेल तर इंग्रजीच्या तुलनेत एक तृतीयांश चिन्हेच मावतात. शिवाय मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘संगणक नव्याने सुरू केल्यावर जुन्या फाइल उघडत नाहीत’ या शीर्षकाचे शेपूट कापले गेले की नेमका ‘नाहीत’ हाच शब्द गळतो आणि तक्रार काय होती तेच कळत नाही; ‘जुन्या फाइल उघडत नाहीत’ एवढेच लिहिले, तर तो शब्द जागेवर राहतो.