दुभंगलेला आवाज सांधताना

माणसाच्या कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात. हवेतल्या लहरींची लांबी मोजली तर एका टोकाला सतरा मीटर आणि दुसऱ्या टोकाला जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. एवढा पल्ला स्पीकरमधल्या एकाच थरथरणाऱ्या पडद्याला पेलत नाही. खर्जासाठी भरपूर हवा ढकलणारा मोठा पडदा हवा, तार स्वरांसाठी इवलासा आणि हलका. म्हणून स्पीकरच्या पेटीत खर्जाचा वूफर आणि तार स्वरांचा ट्वीटर असे दोन ड्रायव्हर (आवाज काढणारे भाग) वेगळे असतात, आणि कुणाच्या वाट्याला काय जायचं हे क्रॉसओव्हर ठरवतो. हा क्रॉसओव्हर कॉम्प्युटरवर कसा करायचा, ते इथे पाहू.

नेहमीच्या स्पीकरमध्ये हे काम ॲम्प्लिफायरच्या पुढे बसवलेल्या कॉइल आणि कपॅसिटर करतात. अडचण अशी, की आठ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप) म्हणवणारा वूफर प्रत्येक स्वराला आठ ओहमचा नसतो. त्याच्या अनुनादापाशी, म्हणजे पडदा ज्या स्वराला आपसूक जोरात थरथरतो तिथे, हा आकडा कित्येक पटींनी चढतो, मग उतरतो, पुढे पुन्हा वाढत जातो. कॉइल-कपॅसिटरच्या या फिल्टरचं, म्हणजे स्वर गाळणाऱ्या चाळणीचं, गणित तर याच आकड्यावर उभं असतं. कॉम्प्युटरवरच्या क्रॉसओव्हरमध्ये आवाज आकड्यांच्या रूपात असतानाच विभागला जातो. प्रत्येक वाटा साउंड कार्डच्या वेगळ्या चॅनेलमधून निघतो आणि स्वतःच्या ॲम्प्लिफायरमधून थेट आपल्या ड्रायव्हरकडे जातो. दोन पेट्या, प्रत्येकीत दोन ड्रायव्हर, म्हणजे चार चॅनेल. चारही एकाच कार्डावरचे घ्यावेत. दोन कार्डांची घड्याळं अगदी बरोबरीनं चालत नाहीत, आणि वूफर-ट्वीटरचा मेळ हळूहळू ढळत जातो.

प्रोग्राम मोफत मिळतात: विंडोजवर इक्वलायझर एपीओ, लिनक्सवर कॅमिलाडीएसपी. गणिताचा बोजाही फार नाही. एका साध्या डिजिटल फिल्टरला प्रत्येक नमुन्यामागे (नमुना म्हणजे लहरीचं एका क्षणाचं मोजमाप) पाच गुणाकार लागतात. सेकंदाला ४८,००० नमुने धरले तर दोन लाख चाळीस हजार. रास्पबेरी पायसारखा तळहातावर मावणारा कॉम्प्युटरसुद्धा असे कितीतरी फिल्टर एका वेळी चालवतो.

आवाज तोडणं इतकं सोपं आहे. सगळी मेहनत आहे ती त्याला हवेत पुन्हा सांधण्यात.

समजा, २,५०० हर्ट्झवर विभागणी केली. त्या स्वराच्या आसपास वूफर आणि ट्वीटर दोघंही वाजत असतात, आणि तिथे त्यांचे तरंग एकाच तालात कानापर्यंत पोचले पाहिजेत. हे कसं साधायचं याचं उत्तर सीगफ्रीड लिंकविट्झ यांनी १९७६च्या शोधनिबंधात मांडलं. सहकारी रस रायली यांच्यासह त्यांच्या नावानं हा फिल्टर ओळखला जातो. त्याच्या चौथ्या कोटीच्या (फोर्थ ऑर्डर) रूपात दर सप्तकाला २४ डेसिबल उतार असतो, म्हणजे नको असलेला आवाज तितक्या वेगानं कमी होत जातो. सांध्यावर दोघंही बरोबर ६ डेसिबल खाली, म्हणजे निम्म्या दाबावर असतात, आणि तालात असल्यामुळे दोन निम्मे मिळून पूर्ण होतात.

पण हा उतार हवेत मिळायला हवा, आणि नवखे इथेच फसतात. प्रोग्राममध्ये नुसता २४ डेसिबल निवडून भागत नाही, कारण ट्वीटर खालच्या स्वरांत मुळातच उतरत असतो आणि त्याचा उतार फिल्टरच्या उतारात मिसळतो. म्हणून आधी मायक्रोफोन लावून प्रत्येक ड्रायव्हर वेगळा मोजावा. मायक्रोफोन आणि स्पीकर जमिनीपासून एक मीटर उंच, दोघांत एक मीटर अंतर असेल, तर जमिनीवरचा प्रतिध्वनी सुमारे ३.६ मिलिसेकंदांनी मागून येतो. तो कापून टाकला की उरलेल्या मोजमापावर साधारण २८० हर्ट्झच्या वर भरवसा ठेवता येतो. २,५०० हर्ट्झच्या सांध्याला तेवढं पुरतं.

जोडणीच्या या टप्प्यात ट्वीटरच्या तारेत, ओळीत (सिरीजमध्ये), खालचे स्वर अडवणारा एक कपॅसिटर कायम ठेवावा. आठ ओहमला ३० मायक्रोफॅरड घेतला तर त्याचा परिणाम साधारण ६६० हर्ट्झच्या आसपास सुरू होतो, विभागणीच्या बराच खाली. चॅनेलची एक चूक किंवा सुरू होतानाचा एक दणका नाजूक ट्वीटर जाळायला पुरेसा असतो.

आता विलंब. वूफरचा ध्वनी ट्वीटरपेक्षा, समजा, तीन सेंटिमीटर मागून निघतो. २,५०० हर्ट्झच्या लहरीची लांबी चौदा सेंटिमीटरच्या जवळपास असते, म्हणजे एक पंचमांशाहून जास्त फरक पडला. ट्वीटरला चार नमुने, म्हणजे सुमारे ८३ मायक्रोसेकंद, थांबवलं की तो जवळजवळ भरून निघतो. लाकडी पेटी तिरकी कापून जे साधावं लागे, ते इथे एका आकड्यात होतं.

सगळ्या स्वरांना सारखाच उशीर लावणारे, म्हणजे रेषीय कलेचे (लिनिअर फेज), लांबलचक एफआयआर नावाचे डिजिटल फिल्टरही करता येतात. पण ४,०९६ सहगुणकांचा (गुणाकाराच्या आकड्यांचा) असा फिल्टर आवाज ४३ मिलिसेकंद उशिरा सोडतो. व्हिडिओत ओठ आणि शब्द विलग होऊ लागतात. सुरुवात साध्या फिल्टरनंच करावी, असं मला वाटतं.

सांधा जुळला का, हे तपासायची रीत मला फार आवडते. ट्वीटरची ध्रुवता, म्हणजे अधिक-उणे टोकं, मुद्दाम उलटवायची. दोघं खरोखर समान ताकदीनं आणि तालात असतील, तर सांध्यावर एकमेकांना खोडून टाकतात आणि आलेखात खोल दरी पडते. विलंब थोडाथोडा बदलत ही दरी सर्वांत खोल कुठे होते ते शोधायचं. दरीच्या दोन्ही बाजू सारख्या दिसायला हव्यात. एक अख्खी लहर मागेपुढे झाली तरी दरी पडते, पण तेव्हा ती वाकडी असते. मायक्रोफोन मात्र बसल्यावर कान जिथे येतात त्याच उंचीवर ठेवायचा. वीस सेंटिमीटर वर उचलला, की दोन्ही ड्रायव्हरपासूनची अंतरं बदलतात आणि तीच दरी भरू लागते.