जाळावर धरलेला डाव

तंबूतल्या एका मुक्कामात पाहिलेले दृश्य माझ्या मनातून अजून जात नाही. शेंगदाण्याची पेस्ट घातलेल्या रश्शात फिरवलेला डाव एका उत्साही सोबत्याने फडक्याने पुसला, स्टोव्हच्या ज्योतीवर चार-पाच सेकंद धरला आणि "आता झाला शुद्ध" असे म्हणत शेजारच्या पातेल्यात घातला. ते पातेले ज्याच्यासाठी वेगळे ठेवले होते, त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. सुदैवाने त्याचे लक्ष होते आणि त्याने त्यातले काही खाल्ले नाही. सोबत्याचा हेतू चांगलाच होता. आगीतून काढलेली वस्तू निर्धोक होते, ही त्याची समजूत मात्र चुकीची होती आणि ती फार जणांची असते.

मुक्कामावरची आपली सारी स्वच्छता जंतूंना डोळ्यांपुढे ठेवून घडलेली आहे. पाणी उकळणे, अन्न नीट शिजवणे, हातांना सॅनिटायझर चोळणे हे सर्व जिवंत गोष्टींना मारण्याचे उपाय आहेत आणि ते आवश्यकच आहेत. परंतु शेंगदाण्यातील ज्या प्रथिनामुळे एखाद्याचा घसा सुजतो, ते जिवंत नसते, त्यामुळे मरतही नाही. म्हणूनच अशा व्यक्तीसोबत जायचे असेल, तर काय शिजवायचे याआधी काय सोबत न्यायचेच नाही, हे ठरवावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

यामागची यंत्रणा विलक्षण आहे. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या शरीरात त्या विशिष्ट प्रथिनाविरुद्ध ‘आयजीई’ नावाची प्रतिपिंडे (अँटिबॉडी) तयार झालेली असतात. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दाम्पत्याने १९६६ च्या सुमारास ती ओळखली. स्वीडनमधील संशोधकही स्वतंत्रपणे तेथवर पोहोचले आणि १९६८ मध्ये हे नाव पक्के झाले. इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखी दिसणारी ही प्रतिपिंडे त्वचेतील, श्वासमार्गातील आणि आतड्यातील ‘मास्ट’ नावाच्या प्रतिकारपेशींवर आपला दांडा रोवून, दोन्ही हात बाहेर काढून बसलेली असतात. एका प्रतिपिंडाच्या हाताला प्रथिन नुसते चिकटले, तर काही घडत नाही. एकच प्रथिन शेजारच्या दोन प्रतिपिंडांच्या हातांत एकाच वेळी सापडले, म्हणजे त्यांच्यात पूल बांधला गेला, की पेशीला इशारा मिळतो आणि काही मिनिटांत ती हिस्टामिन या रसायनाने भरलेल्या आपल्या पिशव्या रित्या करते. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, श्वासनलिका आवळतात, रक्तदाब घसरू शकतो.

प्रतिपिंडाचा हात संपूर्ण प्रथिन ओळखत नाही. त्यावरचा एक छोटा तुकडा ओळखतो. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, आणि ती माळ घडी घालून ठेवलेली असते. काही वेळा ओळखला जाणारा तुकडा घडीमुळे जवळ आलेल्या दोन दूरच्या मण्यांचा बनलेला असतो. उष्णतेने घडी उलगडली, की असा तुकडा नाहीसा होतो. पण तो तुकडा माळेतल्या सलग मण्यांचाच असेल, तर घडी उलगडली तरी मणी त्याच क्रमाने राहतात आणि प्रतिपिंडाला ते ओळखू येतात. तव्यावर अंडे फोडले की पारदर्शक बलक पाहता पाहता पांढरा आणि घट्ट होतो. त्यातल्या निम्म्याहून अधिक प्रथिनाची, म्हणजे ओव्हाल्ब्युमिनची, घडी आपल्या डोळ्यांदेखत उलगडत असते. त्याच बलकात ओव्होम्युकॉइड नावाचे दुसरे प्रथिन असते. गंधकाच्या अणूंचे नऊ पूल, म्हणजे डायसल्फाइड बंध, त्याला जागोजागी टाके घालून धरतात, त्यामुळे उकळत्या पाण्यातही ते फारसे विस्कटत नाही. शेंगदाण्यातील ‘आरा एच २’ हे मुख्य प्रथिनही अशाच टाक्यांनी शिवलेले आहे. उलट शेंगदाणे कोरडे भाजल्यावर त्यांच्या प्रथिनांना साखरेचे रेणू जोडले जातात आणि त्यांना आयजीई अधिक घट्ट चिकटते, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. चार सेकंदांच्या ज्योतीची येथे काय कथा?

सॅनिटायझरचेही तेच. अल्कोहोल जंतूंचे आवरण फोडते, पण हातावरचे प्रथिन उचलून नेत नाही. हातांना पीनट बटर लावून केलेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नुसत्या पाण्याने धुतलेल्या आणि सॅनिटायझर चोळलेल्या हातांपैकी काहींवर शेंगदाण्याचे प्रथिन उरलेले सापडले. साबणाने धुतलेल्या आणि वेट वाइप्सने पुसलेल्या हातांवर ते सापडले नाही. पाणी कमी असलेल्या जागी वाइप्सचे एक पाकीट जास्त नेणे म्हणूनच शहाणपणाचे ठरते.

सीलिएक रोग ही ॲलर्जी नव्हे. त्यात गव्हातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. मात्र तेथेही प्रश्न रेणूचाच आहे. ग्लुटेनमुक्त अन्नाची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे २० मिलिग्रॅम आहे, म्हणजे अर्ध्या किलोच्या जेवणात १० मिलिग्रॅम. गव्हाच्या पावाच्या एका स्लाइसमध्ये साधारण २ ग्रॅम ग्लुटेन असते. म्हणजे त्या स्लाइसच्या दोनशेव्या भागाइतका चुरा पातेल्यात पडला, तरी ही मर्यादा गाठली जाते. लाकडी चमच्याच्या भेगेत आणि चाळणीच्या छिद्रांत तेवढे सहज अडकते.

दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, पचत नसल्यास हिशेब सौम्य असतो, कारण तेथे मात्रेला महत्त्व आहे. ती पचवणारे लॅक्टेज हे विकर कमी असलेल्या बहुतेक प्रौढांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत लॅक्टोज फारसा त्रास न होता चालते, आणि पेलाभर दुधात साधारण तेवढेच असते. पण मुक्कामावर आपण दुधाची पावडर नेतो, आणि साय काढलेल्या दुधाच्या पावडरीत वजनाच्या निम्मे लॅक्टोज असते. २५ ग्रॅममध्ये, म्हणजे दोन-तीन मोठ्या चमच्यांतच, मर्यादा संपते. कांदा-लसणाने पोट फुगणाऱ्यांना त्रास देणारे फ्रुक्टन नावाचे कर्बोदक पदार्थ पाण्यात विरघळतात, तेलात नाही. त्यामुळे सूपमधून लसणाच्या पाकळ्या काढून उपयोग होत नाही. तेलात परतून काढून टाकल्या, तर स्वाद राहतो आणि फ्रुक्टन बाहेर जातात. असे तेल त्या त्या वेळी करून संपवावे. साठवल्यास त्यात बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचे जंतू वाढू शकतात.

सामानाचे वजन कमी करण्यासाठी पाकिटे फोडून सगळे साध्या पिशव्यांत भरण्याची पद्धत आहे. त्यात घटकांची यादी घरी राहते आणि तिसऱ्या दिवशी कोणते सूप कोणाचे, हे कोणालाच सांगता येत नाही. लेबल कापून त्याच पिशवीत टाकावे.

जेवणाच्या वेळेकडेही पाहावे लागते. काही मोजक्या लोकांना गहू एरवी चालतो, पण तो खाऊन काही तासांत चढण चढली, तर तीव्र ॲलर्जी उफाळते. ॲस्पिरिनसारख्या वेदनाशामकाने धोका आणखी वाढतो. असे निदान झालेल्यांनी चालण्याच्या किमान चार तास आधी गहू टाळावा.

आपल्याला काय सोसत नाही, हे मात्र योग्य मार्गानेच शोधावे. रक्ताच्या थेंबावरून शंभर पदार्थांची ‘संवेदनशीलता’ सांगणाऱ्या चाचण्या बहुधा आयजीई नव्हे, तर ‘आयजीजी’ ही वेगळीच प्रतिपिंडे मोजतात. ती केवळ तो पदार्थ आपण खात आलो आहोत, एवढेच दाखवतात. त्यांवरून निदान करू नये, असे युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने २००८ मध्येच सांगितले आहे. अशा अहवालांवर विसंबून लोक दहा-दहा पदार्थ सोडतात आणि खऱ्या ॲलर्जीची तपासणी राहून जाते, याचे मला वाईट वाटते.

तीव्र ॲलर्जी असलेल्या व्यक्तीचे ॲड्रेनालिनचे पेन (आणीबाणीत टोचायचे तयार इंजेक्शन) तापलेल्या गाडीत ठेवू नये आणि गोठूही देऊ नये. ते कोठे आहे, हे सर्वांना माहीत असावे. लक्षणे दिसताच ते मांडीच्या बाहेरच्या बाजूस टोचावे, व्यक्तीला आडवे ठेवावे (श्वास लागत असेल तर बसू द्यावे), आणि पाच मिनिटांत उतार न पडल्यास दुसरे द्यावे. ॲलर्जीची गोळी त्याची जागा घेऊ शकत नाही. बरे वाटले तरी लक्षणे काही तासांनी परत येऊ शकतात, म्हणून रुग्णालय गाठावेच लागते. ते मुक्कामापासून किती तासांवर आहे, हे सामानाची यादी करण्यापूर्वी पाहावे, आणि अंतर जास्त असेल, तर संबंधित पदार्थ एकाही सदस्याच्या पिशवीत ठेवू नये.