सरड्याची धाव कुंपणापर्यंतच का?

खानापूरकडच्या आमच्या भातशेताला शेराचं कुंपण आहे. वळीव पडून गेला की लालभडक डोक्याचा एखादा सरडा त्यावर ठाण मांडतो. शेजारच्या फांदीवर दुसरा नर आला की हा जोर काढायला लागतो. पाहुणा मिनिटभर बघतो आणि गुमान उतरून जातो. चावाचावी क्वचितच.

हा समजूतदारपणा येतो कुठून? 1960 च्या दशकापर्यंत याचं सर्रास दिलं जाणारं उत्तर होतं : प्राणिजातीचं भलं. ऐकायला बरं वाटतं. पण सगळे सबुरीनं वागत असताना एकच डांबरट निघाला तर सगळं तोच लाटणार, आणि पिल्लंही त्याचीच वाढणार!

ही मेख जॉर्ज प्राइस या अमेरिकन माणसानं पकडली. 1968 मध्ये हरणांच्या शिंगांवरचा त्याचा लेख ‘नेचर’ या विज्ञान-नियतकालिकाकडे गेला, तो तपासायला आला जॉन मेनार्ड स्मिथकडे. हा आधी विमानांचा इंजिनिअर, मग जीवशास्त्रज्ञ हाल्डेनचा शिष्य; तेच हाल्डेन, जे 1957 मध्ये भारतात आले आणि इथलेच झाले. लेख फार लांब आहे, आटोपशीर करा, असं प्राइसला सांगितलं गेलं. त्यानं ते केलंच नाही. पण मेनार्ड स्मिथनं कल्पना परस्पर आपल्या नावावर खपवली नाही. 1973 चा ‘नेचर’मधला लेख दोघांच्या नावानं आला. जानेवारी 1975 मध्ये प्राइसनं लंडनमध्ये आत्महत्या केली.

त्या लेखातली कल्पना अशी : सगळेच ज्या रीतीनं वागत असताना वेगळं वागणारा उपरा तिथे पाय रोवू शकत नाही, ते ‘उत्क्रांतिदृष्ट्या स्थिर धोरण’. समजा, एकाच जातीत दोन स्वभावाचे प्राणी आहेत : ‘ससाणा’ लढतो, ‘होला’ माघार घेतो. (मूळ लेखात होला नव्हता, उंदीर होता.) घास 20 चा, जखम 100 ची धरा. दोन ससाणे भिडले तर प्रत्येकी सरासरी 40 चा तोटा, दोन होल्यांना सरासरी 10 चा लाभ. सगळे होले असतील तर ससाण्याची चंगळ. सगळे ससाणे असतील तर पळणारा होलाच शहाणा. तोल सावरतो तो पाचांत एक ससाणा असताना.

पण ‘आपल्या जागेवर ससाणा, दुसऱ्याच्या जागेवर होला’ हे तिसरं धोरण या दोघांनाही पुरून उरतं. आमचा सरडा हाच असावा.

1978 मध्ये प्राणिवर्तनाचे अभ्यासक निक डेव्हिस यांनी ऑक्सफर्डजवळच्या रानात फुलपाखरं पाहिली. उन्हाच्या कवडशावर आधी बसलेलं जिंकायचं, उपरं लगेच निघून जायचं. दोघांनाही कवडसा आपलाच वाटला, तरच झुंज लांबायची. आमच्याकडे बांधाच्या वितीभर जागेवरून भाऊबंदांचे दावे वर्षानुवर्षं चालतात, तेही दोघांना बांध आपलाच वाटतो म्हणूनच.

1998 मध्ये याच फुलपाखरांबाबत मात्र वेगळाच मुद्दा निघाला : जिंकतो तो मालक म्हणून नव्हे, तर आधीपासून उन्हात बसल्यानं त्याचं अंग तापलेलं असतं म्हणून. आमचा सरडाही सकाळपासून शेकतच बसलेला असतो.