पोटाचा घेर आणि मूत्रपिंडाची गाळणी

कंबरेचा मोठा घेर, रक्तात वाढलेले ट्रायग्लिसराइड (चरबीचा एक प्रकार), घटलेले एचडीएल (‘चांगले’ कोलेस्टेरॉल), चढलेला रक्तदाब आणि उपाशीपोटी वाढलेली साखर या पाचांपैकी तीन गोष्टी एकाच व्यक्तीत आढळल्या, की त्या अवस्थेला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. भारतीयांसाठी घेराची मर्यादा पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटर धरली जाते. हृदयाला असलेला त्याचा धोका बहुतेकांना ठाऊक असतो; मूत्रपिंडाचे नुकसान मात्र फार उशिरा ध्यानात येते आणि त्याचे कारण त्या नुकसानीच्या स्वरूपातच आहे.

दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत शोषून घेतात. रक्तातील साखर वाढलेली असली, की नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातील गाळणाऱ्या सूक्ष्म एककाची, नलिका साखर परत घेताना तिच्याबरोबर मीठही अधिक ओढून घेते. पुढे मीठ कमी पोहोचल्यामुळे तिथल्या संवेदक पेशींना गाळण अपुरी होत असल्याचा चुकीचा संदेश मिळतो आणि केशवाहिन्यांच्या गुच्छात, म्हणजे नेफ्रॉनच्या गाळणीत, रक्त आणणारी धमनिका सैलावते. त्याच वेळी, लठ्ठपणात वाढणारे अँजिओटेन्सिन हे संप्रेरक रक्त बाहेर नेणारी धमनिका आवळते. आत येणारी वाट रुंद आणि बाहेर जाणारी अरुंद झाल्याने गुच्छातला दाब वाढतो.

या काळात गाळण उलट वाढलेली असते, त्यामुळे रक्तातील क्रिएटिनिनचा (गाळण मंदावली की रक्तात साचणाऱ्या टाकाऊ पदार्थाचा) आकडा चांगला दिसतो आणि रुग्ण निर्धास्त राहतो. प्रत्यक्षात गाळणीला बाहेरून वेढणाऱ्या पोडोसाइट पेशी ताणल्या जात असतात. या पेशी विभाजन पावून भरून येत नाहीत. त्या सुटल्या, की अल्ब्युमिन हे रक्तातील प्रथिन लघवीत झिरपते, गुच्छात व्रण धरतो आणि त्याचा भार उरलेल्या नेफ्रॉनवर पडतो.

आपल्याकडे हा प्रश्न जन्माआधीच सुरू होत असावा, असे मला वाटते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखवून दिले, की ग्रामीण भागातील नवजात बाळे सरासरी 2.7 किलो वजनाची, अंगाने लहान असूनही त्यांच्यात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असते. नेफ्रॉन गर्भातच तयार होतात आणि कमी वजनाच्या बाळांत त्यांची संख्या बहुधा कमी असते. मोठेपणी पोट सुटले, की तोच भार थोड्या नेफ्रॉनवर येतो.

म्हणून केवळ क्रिएटिनिनवर विसंबू नये, लघवीतील अल्ब्युमिनही तपासावे. लघवीतील ग्रॅमभर क्रिएटिनिनमागे ते 30 मिलिग्रॅम किंवा अधिक असेल आणि तीन महिन्यांहून जास्त काळ टिकले, तर तो मूत्रपिंडाचा दीर्घकालीन आजार ठरतो. डापाग्लिफ्लोझिनसारखे औषध साखर व मीठ यांचे हे जादा शोषण रोखते, तेव्हा सैलावलेली धमनिका पुन्हा आवळते. सुरुवातीला रक्तातील क्रिएटिनिन किंचित वाढते, ते बहुतेक वेळा गुच्छातला दाब उतरत असल्याचे चिन्ह असते.