जपान, कोरिया, मंगोलिया : पोटाचा कॅन्सर सारखाच, मग मृत्यू इतके वेगळे का?

२०२० सालच्या जागतिक आकडेवारीत पोटाच्या, म्हणजे जठराच्या कॅन्सरचं प्रमाण सर्वाधिक असलेले पहिले तीन देश आशियाच्या एकाच कोपऱ्यातले होते : मंगोलिया, जपान आणि दक्षिण कोरिया. कुठे म्हातारी माणसं जास्त, कुठे तरुण, हा फरक हिशेबातून काढून टाकला, तर दर लाख लोकांमागे वर्षाला मंगोलियात आणि जपानमध्ये साधारण ३२ आणि कोरियात २८ जणांना हा रोग होतो. मृत्यूंच्या रकान्यात मात्र हे देश एकमेकांपासून फार लांब आहेत. मंगोलियात लाखामागे जवळपास २५ मृत्यू, जपानमध्ये ८च्या आसपास, कोरियात त्याहूनही कमी. ढोबळमानाने सांगायचं तर मंगोलियात चार रुग्णांमागे तीन मृत्यू होतात आणि जपानमध्ये एक.

रोग तोच, त्याचं प्रमाणही जवळपास तेवढंच. तरीही रुग्ण वाचेल की जाईल, हे तो कुठल्या देशात जन्मला यावर ठरतं. मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते आणि तितकीच आशादायकही वाटते, कारण साठ-सत्तर वर्षांपूर्वी जपानमध्येही पोटाचा कॅन्सर म्हणजे बहुतेकदा मृत्यूच असायचा.

जपानचा आकडा पहिल्या नजरेत फसवतो. १९७०च्या दशकापासून २०१३ सालापर्यंत तिथे दरवर्षी सुमारे ५० हजार माणसं या कॅन्सरने गेली. चाळीस वर्षं आकडा जवळपास हललाच नाही. एवढी तपासणी, एवढे डॉक्टर, एवढा पैसा खर्चून काहीच झालं नाही का? झालं, आणि पुष्कळ झालं. हा मुख्यतः साठीनंतरचा रोग, आणि या चाळीस वर्षांत जपान झपाट्याने म्हातारा होत गेला. रोग होण्याच्या वयातली माणसं दरवर्षी वाढत असताना मृत्यू तेवढेच राहिले, याचा अर्थ प्रत्येक माणसामागचा धोका घटत होता. वयाचा फरक काढून मोजलं, तर जपानी पुरुषांमधला मृत्युदर १९६०च्या तुलनेत आता एक चतुर्थांशाच्याही खाली आला आहे. जपानी पुरुषांत कॅन्सरमुळे होणाऱ्या मृत्यूंमध्ये १९९३ साली फुप्फुसाच्या कॅन्सरने पोटाच्या कॅन्सरला मागे टाकलं आणि १९९८ साली संपूर्ण लोकसंख्येतही तेच झालं. २०१३नंतर नुसत्या मृत्यूंची संख्याही उतरू लागली. आता ती ४० हजारांच्या आसपास आहे.

मृत्यू घटायला दोनच वाटा असतात. एक तर रोग होणारेच कमी होतात, नाहीतर रोग झालेले वाचू लागतात. जपानमध्ये दोन्ही घडलं, पण दोन्हींची कारणं अगदी निराळी आहेत आणि त्यांचा वेगही निराळा आहे.

पहिल्या वाटेची सुरुवात एका जिवाणूपासून होते. ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठराच्या अस्तरात राहणारा एक वळणदार जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. पुढे त्याला हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळालं. जठरातल्या तीव्र आम्लात काही जगू शकतं यावर तेव्हा कुणाचा विश्वास नव्हता. मार्शल यांनी १९८४ साली त्याचं द्रावण स्वतः पिऊन जठरदाह ओढवून घेतला. १९९४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या जिवाणूला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांच्या यादीत घातलं आणि २००५ साली दोघांना नोबेल मिळालं.

हा जिवाणू बहुधा लहानपणीच घरातल्या माणसांकडून पोटात येतो आणि औषध दिलं नाही तर जन्मभर राहतो. वर्षानुवर्षं अस्तराला सूज राहते, मग अस्तर झिजून पातळ होतं, मग जठराच्या पेशींच्या जागी आतड्यासारख्या पेशी उगवू लागतात आणि त्यातल्या काही शेवटी कॅन्सरच्या वळणावर जातात. पेलायो कोरेया या कोलंबियन शास्त्रज्ञाने मांडलेली ही साखळी पुरी व्हायला कित्येक दशकं लागतात, आणि बहुसंख्य लोकांत ती कधीच पुरी होत नाही. तरी जिवाणूचं महत्त्व किती, हे जपानमध्ये २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने स्पष्ट केलं. १,५२६ रुग्णांवर सरासरी आठेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं. त्यातल्या ३६ जणांना पोटाचा कॅन्सर झाला आणि ते सगळेच्या सगळे संसर्ग असलेले होते. संसर्ग नसलेल्या २८० जणांत एकही नाही.

आता जपानी पिढ्यांकडे बघा. १९५०च्या आधी जन्मलेल्यांपैकी सत्तर-ऐंशी टक्के लोकांच्या पोटात हा जिवाणू होता. आजच्या जपानी मुलांमध्ये तो दहा टक्क्यांच्याही खाली आहे. मधल्या काळात कुणी जिवाणूविरोधी मोहीम काढली नव्हती. जिवाणू माहीतच नव्हता. नळाचं स्वच्छ पाणी आलं, सांडपाण्याची सोय झाली, कुटुंबं लहान झाली, एका अंथरुणात चार भावंडं झोपेनाशी झाली. त्याच काळात घराघरात फ्रीज आला आणि मासे-भाज्या मिठात मुरवून ठेवण्याची गरज कमी झाली. उत्तर जपानच्या काही भागांत एकेकाळी माणसं दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आसपास मीठ खात होती. इतकं मीठ अस्तराला इजा करतं आणि जिवाणूचं काम सोपं करतं.

अमेरिकेत हीच घसरण आधी झाली होती. १९३०च्या दशकात पोटाचा कॅन्सर तिथे कॅन्सरच्या मृत्यूंमध्ये आघाडीवर होता; नंतर तो उतरत गेला तो थेट आजपर्यंत, आणि त्यासाठी कुणी मुद्दाम काही केलं नव्हतं. जपानमधून हवाईला गेलेल्या मजुरांच्या पहिल्या पिढीत या कॅन्सरचा धोका मायदेशासारखाच राहिला, पण तिथेच जन्मलेल्या त्यांच्या मुलांमध्ये तो बराच कमी झाला. वंश तोच, बालपण वेगळं. बालपण जिथे जातं तिथेच या रोगाचा बराचसा निकाल लागतो, हे १९६०च्या दशकातच दिसलं होतं, कारण सापडायला आणखी वीस वर्षं लागली.

ही पहिली वाट भरवशाची, पण फार संथ. १९४० साली जन्मलेल्या आजोबांना त्यांच्या नातवाच्या स्वच्छ पाण्याचा काही उपयोग नव्हता. त्यांना वाचवायचं तर रोग लवकर शोधणं भाग होतं, आणि इथे जपानने जे केलं त्याला तोड नाही.

१९५० साली टोकियो विद्यापीठाचे डॉक्टर उजी तात्सुरो आणि ऑलिंपस कंपनीचे अभियंते सुगिउरा मुत्सुओ व फुकामी मासाहारू यांनी जठरात उतरवता येणारा कॅमेरा बनवला. वाकणाऱ्या नळीच्या टोकाला भिंग, बारीकसा दिवा आणि बोटाच्या नखापेक्षा अरुंद फिल्म. डॉक्टरला आतलं काही दिसत नसे. खोलीत अंधार करायचा, दिव्याचा उजेड पोटाच्या कातडीतून बाहेर कुठे झिरपतो ते बघायचं, त्यावरून टोक कुठे आहे याचा अंदाज घ्यायचा आणि फोटो काढायचा. फोटो धुऊन आल्यावर कळायचं की व्रण होता की नाही. त्याच दशकात शिराकाबे हिकोओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेरियम, म्हणजे एक्स-रेमध्ये उठून दिसणारा पांढरा घोळ, पाजून आणि पोटात हवा भरून एक्स-रे काढण्याची पद्धत घडवली. त्यात अस्तराच्या बारीक सुरकुत्याही उमटत. १९६० साली मियागी प्रांतात एक्स-रे यंत्र बसवलेल्या गाड्या गावोगाव जाऊ लागल्या. १९८३ साली लागू झालेल्या कायद्याने चाळिशीपुढच्या सगळ्यांसाठी ही तपासणी देशभर सुरू झाली.

यातून डॉक्टरांची नजर तयार झाली. १९६२ साली जपानी तज्ज्ञांनी ‘सुरुवातीचा कॅन्सर’ कशाला म्हणायचं ते ठरवलं : जो अस्तरात किंवा त्याच्या लगतच्या थरातच आहे, खालच्या स्नायूत शिरलेला नाही तो. या टप्प्यावर सापडलेले नव्वद टक्क्यांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही जिवंत असतात. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात तर जपानी डॉक्टर अशा गाठी दुर्बिणीतूनच, पोट न उघडता, कापून पूर्णपणे काढू लागले.

कोरियाने राष्ट्रीय तपासणी १९९९ साली सुरू केली, जपानच्या बऱ्याच नंतर. पण या उशिराचा त्यांना फायदा झाला. जपानने सुरुवात केली तेव्हा दुर्बीण वापरायला अवघड होती, म्हणून सारी व्यवस्था बेरियमभोवती उभी राहिली आणि पुढे कित्येक दशकं तिथेच अडकून राहिली. कोरियात पहिल्यापासून लोकांना पर्याय मिळाला, चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी बेरियम किंवा एंडोस्कोपी म्हणजे दुर्बिणीची तपासणी, आणि लोक हळूहळू एंडोस्कोपीकडे वळले. गरीब कुटुंबांना ही तपासणी मोफत, इतरांना खर्चाचा लहानसा हिस्सा. २०१७ साली कोरियन संशोधकांनी या योजनेचा हिशेब मांडला. एंडोस्कोपी करून घेणाऱ्यांत पोटाच्या कॅन्सरने मरण्याची शक्यता ४७ टक्क्यांनी कमी होती. बेरियमवाल्यांत जवळपास काहीच फरक नव्हता. जपानने देशपातळीवर एंडोस्कोपीला मान्यता दिली ती २०१६ साली.

या सहस्रकाच्या सुरुवातीला कोरियात वर्षाला ११ हजारांहून अधिक माणसं पोटाच्या कॅन्सरने जात होती. आता लोकसंख्या जास्त वयस्क असूनही हा आकडा सात हजारांच्या आसपास आहे. पाच वर्षं जगणाऱ्या रुग्णांचं प्रमाण १९९०च्या दशकाच्या मध्यात ४४ टक्क्यांच्या आत होतं, ते आता ७७-७८ टक्क्यांवर गेलं आहे. चीनमध्ये २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्यांसाठी हेच प्रमाण ३६ टक्के होतं.

‘पाच वर्षं जगणारे’ हा आकडा मात्र जपून वाचायला हवा. एखाद्याचा कॅन्सर तीन वर्षं आधी सापडला आणि तो मरायचा त्याच दिवशी मेला, तरी कागदावर तो तीन वर्षं जास्त जगलेला दिसतो. शिवाय तपासणीसाठी काढलेल्या अस्तराच्या ज्या तुकड्यांना जपानी तज्ज्ञ सुरुवातीचा कॅन्सर म्हणतात, त्यातल्या काहींना युरोप-अमेरिकेतले तज्ज्ञ अजून कॅन्सर मानत नाहीत. असे सौम्य रुग्ण धरले की सरासरी आपोआप सुधारते. म्हणून देशांची तुलना करताना लोकसंख्येमागे मृत्यू किती, याच आकड्यावर माझा भरवसा जास्त. निदान कधी झालं याने तो बदलत नाही. आणि जपान-कोरियात तोही ठामपणे उतरला आहे.

मंगोलियाकडे हे काहीच नव्हतं असं नाही. डॉक्टर आहेत, रुग्णालयंही आहेत. पण अफाट पसरलेल्या देशात दुर्बीण आणि ती चालवणारे हात मुख्यतः राजधानी उलानबातरमध्ये. रुग्ण तिथे पोचतो तो अन्न गिळवेना झालं, वजन उतरलं, उलटीत रक्त दिसलं की. सुरुवातीच्या पोटाच्या कॅन्सरला वेगळं असं लक्षणच नसतं. असलं तर ॲसिडिटीसारखी जळजळ. लक्षणांची वाट बघणाऱ्या व्यवस्थेत तो नेहमी उशिराच सापडणार.

भारताचं काय, हा प्रश्न इथे येणारच. आपल्याकडे निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जिवाणू असूनही देशाच्या बहुतेक भागांत, महाराष्ट्रातही, पोटाचा कॅन्सर त्या मानाने कमी आहे. मिझोराम हा मोठा अपवाद. एक कारण जिवाणूच्या जातीत असावं. पूर्व आशियातल्या जिवाणूचं कॅगए नावाचं प्रथिन पेशींच्या वाढीचं नियंत्रण जास्त जोरात बिघडवतं. जपानमध्येच ओकिनावा बेटांवर सौम्य जाती जास्त आढळतात आणि तिथे या कॅन्सरचे मृत्यू देशात सर्वांत कमी आहेत. आपल्या आकड्यांबद्दल इतक्या खात्रीने बोलता येतं ते मुंबईत १९६३ साली आणि बार्शीत १९८७ साली सुरू झालेल्या कर्करोग नोंदण्यांसारख्या चिकाटीच्या कामामुळे. मृत्यूंच्या बाबतीत मात्र आपण फार मागे आहोत : देशात नोंद होणाऱ्या मृत्यूंपैकी एक चतुर्थांशाहून कमी मृत्यूंना डॉक्टरने प्रमाणित केलेलं कारण जोडलेलं असतं. जपानसारखी साठ वर्षांची मृत्युरेषा त्यातून काढता येत नाही.

दरम्यान, या दोन वाटांना जोडणारी तिसरी वाट तयार झाली आहे : जिवाणूच औषधाने काढून टाकायचा. तैवानच्या मात्सू बेटांवर २००४पासून तिशीपुढच्या लोकांची तपासणी करून उपचार देण्यात आले आणि पोटाच्या कॅन्सरचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. आई-वडील किंवा भावंडांना हा कॅन्सर झालेल्या लोकांवर कोरियात झालेल्या चाचणीचे निकाल २०२० साली आले. जिवाणूवर उपचार दिलेल्या गटात १.२ टक्के लोकांना कॅन्सर झाला, न दिलेल्या गटात २.७ टक्के. जपानच्या सरकारी विम्याने २०१३पासून साध्या जठरदाहातही या उपचाराचा खर्च उचलायला सुरुवात केली. मृत्यूंची संख्या त्याच सुमारास उतरू लागली हे खरं, पण त्याचं सगळं श्रेय या औषधांना देणं मला घाईचं वाटतं; संसर्ग असलेल्या जुन्या पिढ्याही याच काळात सरत आहेत.

जपानमधल्या सागा प्रांताने तर २०१६पासून माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्षातल्या, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांची तपासणी सुरू केली. लघवीत संसर्गाची खूण दिसली तर शौचाची चाचणी, तीही पॉझिटिव्ह आली तर आठवडाभराची औषधं, सगळं मोफत. निरोगी मुलांना प्रतिजैविकं द्यावीत का, यावर तिथल्या बालरोगतज्ज्ञांत मतभेद आहेत. या मुलांना कॅन्सर होण्याचं वय येईल ते २०५०नंतर.