भूमिका : पात्ररचना आणि पात्रदर्शन (नागपूर परिसर)

लेखकाने कल्पिलेली व्यक्ती आणि नटाने स्वतःच्या अंगावर घेतलेली तीच व्यक्ती या दोहोंसाठी मराठीत शब्दांचा एक मोठा गोतावळा आहे. कथा-कादंबरीच्या चर्चेत ‘व्यक्तिरेखा’, ‘स्वभावचित्रण’ हे शब्द येतात. रंगभूमीवर ‘पात्र’ आणि ‘भूमिका’ आहेत, लोकनाट्यात ‘सोंग’ आहे आणि तालमीच्या खोलीत नुसते ‘काम’ आहे. ‘त्याचं काम झकास झालं’ असे म्हटले की नागपूरच्या कोणत्याही नाट्यवेड्या माणसाला पुढे काही सांगावे लागत नाही. प्रस्तुत नोंद नागपूर शहर आणि त्याला लागून असलेल्या विदर्भापुरती आहे.

संज्ञा : ‘पात्र’ हा शब्द ‘पा’ (पिणे) या धातूपासून साधतात. मूळ अर्थ पिण्याचे भांडे. त्यावरून जे काही धारण करते ते पात्र, म्हणून नदीचे पात्र. आणि धारण करण्यास जो योग्य तो पात्र, म्हणून पात्रता. नाटकातल्या व्यक्तीला हा शब्द कसा लागला याबद्दल एकमत नाही. नट हा रसाचे भांडे आहे, प्रेक्षक त्यातून रस घेतो, हे स्पष्टीकरण पाठ्यपुस्तकांतून नेहमी दिले जाते. ते सुंदर असले तरी मागाहून जुळवल्यासारखे वाटते. ‘योग्य व्यक्ती’ या अर्थावरून ‘त्या कामाला योग्य नट’ आणि तिथून ‘ते काम’ असा प्रवास अधिक सरळ दिसतो. जुन्या मराठीत आणि कन्नडमध्ये ‘पात्र’ म्हणजे नाचणारी स्त्री असाही अर्थ आढळतो आणि हिंदीतील ‘पातुर’ त्याच कुळातला आहे. शाकुंतलाच्या प्रस्तावनेत सूत्रधार ‘प्रतिपात्रमाधीयतां यत्नः’ असे बजावतो, तेव्हा शब्द नटाला उद्देशून आहे की भूमिकेला, हे ठरवता येत नाही. बहुधा कालिदासाला ते वेगळे करायचेही नसावे. बोलण्यात मात्र शब्द फार पुढे गेला आहे. ‘काय पात्र आहे!’ हे उद्गार नाटकाचे तोंडही न पाहिलेल्या माणसाबद्दल काढले जातात.

‘भूमिका’ हा शब्द ‘भूमी’वरून आला. जमीन, पायरी, मजला आणि पुढे नटाचा वेष व काम, असे त्याचे अर्थ कोशांत दिसतात. वेष चढवून नट ज्या जागेवरून बोलतो ती जागा, असा मधला दुवा काही अभ्यासक सुचवतात. आज ‘या प्रश्नावर आपली भूमिका काय?’ असे विचारताना आपण तोच दुवा नकळत वापरतो.

शास्त्र : नाट्यशास्त्राचा काळ इ.स.पू. दुसरे शतक ते इ.स. चौथे शतक इतक्या सैल मर्यादेत धरला जातो. त्यात पात्रांच्या उत्तम, मध्यम, अधम अशा प्रकृती सांगितल्या आहेत. कामे वाटण्याचेही तीन प्रकार आहेत : स्त्रीने स्त्रीचे व पुरुषाने पुरुषाचे काम करणे ते अनुरूप, बालकाने वृद्धाचे किंवा वृद्धाने बालकाचे करणे ते विरूप, आणि पुरुषाने स्त्रीचे वा स्त्रीने पुरुषाचे करणे ते रूपानुसारी. अध्यायांचे क्रमांक आवृत्तीगणिक बदलतात, म्हणून ते इथे दिलेले नाहीत. याच विवेचनात जीवाचा दृष्टान्त आहे : जीव जसा एक देह सोडून दुसऱ्या देहात जातो आणि तिथला स्वभाव धारण करतो, तसे नटाने ‘सोऽस्मीति मनसा स्मरन्’, म्हणजे ‘तो मीच आहे’ असे मनात धरून, वाणी, अंग, लीला आणि चालण्यातून दुसऱ्याचा भाव आचरावा. नट आतून भूमिकेत शिरतो की बाहेरून ती चढवतो, हा वाद विसाव्या शतकात पश्चिमेकडून आल्यासारखा मांडला जातो. या एका श्लोकात दोन्ही टोके शेजारी शेजारी ठेवलेली आहेत आणि त्यांत वाणी पहिली आहे. विदर्भातल्या परंपरेकडे पाहताना हा क्रम ध्यानात ठेवावा लागतो.

भवभूती : विदर्भाशी ज्याचा संबंध लावता येतो असा पहिला मोठा नाटककार म्हणजे भवभूती (सु. इ.स. ७०० ते ७४०). आपले घराणे दक्षिणापथातील पद्मपूरचे, असे तो स्वतः सांगतो. ‘विदर्भेषु’ हा शब्द सर्व पाठांत सारखा मिळत नसल्याने पद्मपूर नेमके कुठले याबद्दल मतभेद राहिले. नागपूरचे प्राच्यविद्यापंडित वा. वि. मिराशी (१८९३–१९८५) यांनी ते आमगावजवळचे (आता गोंदिया जिल्हा) पद्मपूर ठरवले आणि आजवर पुढे आलेल्या पर्यायांत हेच मत अधिक भक्कम आहे. मेघदूतातील रामगिरी म्हणजे नागपूरजवळचे रामटेक, हेही मिराशींनी हिरिरीने मांडले. छत्तीसगडातील रामगढचा दावा मात्र अजून पुरता मिटलेला नाही.

भूमिकेच्या दृष्टीने मालतीमाधवाची प्रस्तावना फार मोलाची आहे. तिथे नट सांगतो की वृद्ध बौद्ध परिव्राजिका कामंदकी हिची पहिली ‘भूमिका’ सूत्रधार स्वतः करणार आणि तिची शिष्या अवलोकिता हिची मी. नाटक सुरू होण्याआधी दोन पुरुष प्रेक्षकांसमोर उभे राहतात, कोण कोणती बाई होणार हे उघड सांगतात आणि तरीही पुढच्या क्षणी प्रेक्षकाने त्यांना त्या बायका मानावे अशी अपेक्षा धरतात. नायक माधवाचे काम कोण घेणार हे विचारताना ‘वर्णिकापरिग्रह’ असा शब्द येतो, म्हणजे शब्दशः रंग स्वीकारणे. चेहऱ्याला लागणारा रंग आणि मनाने घेतलेले काम यांना तेव्हा एकच नाव होते. आपणही आज ‘भूमिका रंगवली’ असेच म्हणतो.

मध्ययुग : यानंतरचा मोठा पल्ला साधनांअभावी विरळ आहे. लीळाचरित्र ही कल्पित कथा नव्हे. पण माणूस त्याच्या बोलण्यातून उभा करण्याचे मराठीतले पहिले मोठे उदाहरण तेच. म्हाइंभटांनी रिद्धपूर परिसरात लीळा गोळा केल्या, ग्रंथाचा काळ शके १२०० (इ.स. १२७८) च्या आसपास धरतात, काही अभ्यासक तो काही वर्षे पुढे नेतात. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी सिद्ध केलेली आवृत्ती १९७८ मध्ये निघाली. त्यातली माणसे वर्णनाने कळत नाहीत. ती प्रश्न विचारतात, अडतात, रुसतात आणि त्यातून कळतात.

सोंग आणि मारबत : खडी गंमत, दंडार या पूर्व विदर्भातील लोकनाट्यांत लिखित संहितेपेक्षा शाहिराची हजरजबाबी आणि नाच्याचे रूप महत्त्वाचे. नाच्या हा स्त्रीवेषातला पुरुष, म्हणजे शास्त्रातला रूपानुसारी प्रकार. या कलावंतांची नावे फारशी नोंदली गेली नाहीत आणि म्हणून या भागाबद्दल लिहिणे तुटक राहते, ही मोठी हानी आहे.

नागपूर शहराची खास देणगी म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबतींची, म्हणजे बाईच्या रूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असे सांगितले जाते. बरोबर बडगे असतात, म्हणजे त्या त्या वर्षीच्या दुखण्याखुपण्यांवरचे पुतळे. ‘इडा पीडा घेऊन जा गे मारबत’ हा पुकारा इतवारीच्या गल्ल्यांतून घुमतो. काळी मारबत कोण, यावर वाद आहे. एक परंपरा तिला इंग्रजांशी जुळवून घेणारी भोसले घराण्यातील बाकाबाई म्हणते, दुसरी पूतना म्हणते, तिसरी रोगराई. बाकाबाईंचा मृत्यू १८५८ च्या सुमाराचा आणि मारबतीची परंपरा त्यानंतर वीसेक वर्षांनी सुरू झालेली. त्यामुळे आधी रोग घालवण्याचा विधी आणि मग त्या पुतळ्याला इतिहासातले एक नाव चिकटले, असा क्रम अधिक संभवनीय वाटतो. लेखकाशिवाय पात्र कसे घडते, याचा एवढा ढळढळीत नमुना दुसरीकडे क्वचितच सापडेल. आकार आधी उभा राहतो, स्वभाव आणि कुळकथा लोक नंतर भरतात.

नक्कल : संगीत नाटक मंडळ्यांच्या काळात नटाला सबंध नाटकाची वही मिळत नसे. त्याच्या वाट्याची भाषणे आणि प्रत्येक भाषणाआधीचे समोरच्याचे शेवटचे चार शब्द एवढेच उतरवून दिले जात. या कागदांना ‘नक्कल’ म्हणत. ‘नक्कल पाठ झाली का?’ हा तालमीतला रोजचा प्रश्न. नट आपली भूमिका आधी एका अरुंद पट्टीतून ओळखत असे. समोरचा काय बोलतो हे तालमीत पहिल्यांदा कानावर पडे. यामुळे पात्रे एकमेकांपासून तुटक उभी राहिली, अशी टीका होते. पण याच पद्धतीने प्रत्येक पात्राची बोलण्याची ढब वेगळी राखली, हेही तितकेच खरे. चार शब्दांच्या टोकावरून आपले वाक्य उचलायचे असेल तर त्या वाक्याला स्वतःचा आवाज असावाच लागतो.

राम गणेश गडकरी (१८८५–१९१९) यांचा शेवट नागपूर जिल्ह्यातल्या सावनेरला झाला, २३ जानेवारी १९१९ रोजी. ‘भावबंधन’चा अखेरचा भाग त्यांनी तिथेच पुरा केल्याचे चरित्रकार सांगतात, मृत्यूपूर्वी नेमका किती वेळ आधी, याचे तपशील जुळत नाहीत. ‘एकच प्याला’ त्यांच्या मागे, फेब्रुवारी १९१९ मध्ये, बडोद्याला रंगमंचावर आले आणि बालगंधर्वांची सिंधू पाहायला तिचा कर्ता नव्हता. ‘भावबंधन’मधील घनश्याम चिंतामणराव कोल्हटकरांनी आणि लतिका दीनानाथ मंगेशकरांनी उभी केली. गडकऱ्यांची पात्रे भाषेच्या जोरावर जगतात. ‘एकच प्याला’तल्या तळीरामाचा दारूविषयीचा युक्तिवाद ऐकताना प्रेक्षकाला तो पटत नाही, पण तळीराम पटतो.

बोली : ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) वऱ्हाडी आणि नागपुरी या जवळजवळ एकच बोली मानल्या आहेत. पात्ररचनेच्या कामी मात्र बोलीतले याहून बारीक भेद पाहावे लागतात. ‘करून राहिलो’, ‘जाऊन राहिली’ ही रूपे नागपुरात शिकलेली माणसेही सर्रास वापरतात, त्यामुळे त्यांवरून पात्राचे शिक्षण कळत नाही. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ यांवरून मात्र गाव कळते; ‘डोळा’चा ‘डोया’ झाला की आणखी कळते. ‘आई, मला का बोलावून राहिली?’ म्हणणारा मुलगा शहरातला आणि ‘माय, मले काहून बोलावून राहिली?’ म्हणणारा खेड्यातला. तोच मुलगा रागाच्या भरात ‘मला’वरून ‘मले’वर घसरला, तर लेखकाला वर्णनाची एक ओळही लिहावी लागत नाही. नटाला हे जमणे कठीण, कारण शब्द बदलून भागत नाही. वाक्याच्या शेवटचा सूर ओढावा लागतो. बाहेरचा नट बहुधा इथेच सापडतो.

बराच काळ ही बोली रंगमंचावर गडी आणि विनोदी पात्रांच्या वाट्याला आली. गंभीर माणूस प्रमाण मराठीत बोले. नागपूरच्या ‘तरुण भारत’चे संपादक ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या कादंबऱ्यांतील माणसे सुशिक्षित भाषेत विचार करतात. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) मधील कौतिक आपले सारे दुःख वऱ्हाडीत सोसते आणि तिच्याकडे हसून पाहण्याची कुणाची छाती होत नाही. बोलीला मिळालेली ही प्रतिष्ठा प्रस्तुत लेखकाला विदर्भातील पात्ररचनेतली सर्वांत मोठी घटना वाटते.

दारव्हेकर व एलकुंचवार : नागपूरचे पुरुषोत्तम दारव्हेकर (१९२६–१९९९) यांनी रंजन कला मंदिरातून इथल्या हौशी रंगभूमीला शिस्त लावली. त्यांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) मध्ये दोन माणसांचा स्वभाव दोन गायकींतून मांडला आहे; खाँसाहेब आणि पंडितजी यांचे वैर त्यांच्या संवादांपेक्षा तानांत अधिक कळते. खाँसाहेबांचे काम करणारे वसंतराव देशपांडे यांचे बालपण नागपुरातले आणि शहरातले मोठे नाट्यगृह आज त्यांच्या नावाने आहे.

महेश एलकुंचवार (ज. १९३९, पारवा, जि. यवतमाळ) नागपुरात इंग्रजीचे अध्यापन करीत लिहिते राहिले. ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली आले. धरणगावकर देशपांड्यांच्या वाड्यात राहिलेल्यांची वऱ्हाडी आणि मुंबईहून आलेल्यांची भाषा यांतल्या फटीतून एका घराचे तुटणे दिसते. अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर उभा असतो; त्याला संवाद नाही, पण त्याला वगळून त्या घराचा स्वभाव सांगता येत नाही. रात्री थोरला मुलगा भास्कर आपल्या बायकोच्या, म्हणजे घरच्यांच्या वहिनीच्या, अंगावर घराण्याचे दागिने घालायला लावतो, तो प्रसंग भूमिकेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावा. एकेक दागिना चढतो तसे वहिनीचे बसणे बदलते आणि राबणाऱ्या बाईच्या जागी क्षणभर त्या घरातल्या आधीच्या साऱ्या सुना दिसू लागतात. नटीला इथे शब्द थोडे आहेत. काम मानेने आणि मनगटाने करावे लागते. ‘वाडा चिरेबंदी’पासून सुरू होणाऱ्या तीन नाटकांच्या त्रिनाट्यधारेतील ‘युगान्त’ला २००२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

अलीकडच्या काळात शहरात कार्यशाळा, एकांकिका स्पर्धा आणि राज्य नाट्य स्पर्धेचे केंद्र यांतून नवे नट घडतात. संहितेची सबंध प्रत आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असते. तरी जुन्या दिग्दर्शकांकडे तालमीच्या पहिल्या दिवशी कुणालाही उभे केले जात नाही. सर्वांना जमिनीवर बसवून आठवडाभर नुसते वाचन चालते आणि ‘मले’ कुठे म्हणायचे, ‘मला’ कुठे, हे पेन्सिलीने खुणावून घेतले जाते.